‘ताई’ नावाचं फोल्डर

माझ्यावर सगळ्यांत जास्त उपकार कोणाचे असतील, तर ते माझी मोठी बहीण निर्मला हिचे. हे वाक्य मी निरोपसमारंभांत आणि लग्नाच्या मंडपांत बऱ्याचदा म्हटलं आहे आणि दर वेळी लोकांनी मान डोलावली आहे, कारण असं काहीतरी सगळेच म्हणतात. उपकार सांगणं सोपं असतं. त्याच माणसाचं आपल्या हातून जे नुकसान झालं ते मात्र मंडपात सांगता येत नाही. म्हणून ते इथे लिहितो.

आमचं घर बार्शीटाकळीचं. वडील लवकर गेले, आई निंदणाला आणि कापूस वेचायला जायची. ताईने बारावीनंतर शिक्षण थांबवलं, मराठी टायपिंगची परीक्षा दिली आणि अकोल्यात तहसील कचेरीसमोरच्या एका झेरॉक्स-टायपिंगच्या दुकानात कामाला लागली. मी दहावी झालो तशी तिने मला अकोल्याला नेलं. दोन वर्षं आम्ही एका खोलीत राहिलो. खोलीला एकच खिडकी होती आणि तिच्यातून शेजारच्यांच्या कुकरची शिट्टी आपल्याच घरात वाजल्यासारखी ऐकू यायची. सकाळी ताई चून, म्हणजे आमच्याकडचं पिठलं, आणि भाकरी करायची. भाकरी तव्यावर टाकली की तिची मोकळी बोटं ओट्याच्या फरशीवर टाईप करायला लागायची. काय टाईप करते म्हणून मी एकदा विचारलं तर म्हणाली, “काई नाई, हाताले सवय हाय.” तिन्हीसांजेला ती परत आली की अंगाला झेरॉक्सच्या गरम कागदाचा वास असायचा. जेवताना ती दिवसभरात आलेल्या माणसांच्या गोष्टी सांगायची, पण नाव कोणाचंच सांगायची नाही.

बारावीच्या सुट्टीत मी तिच्या दुकानात जाऊन बसायचो. तिच्याजवळ कॉम्प्युटरवर नमुने तयार असत. वारसाचं प्रतिज्ञापत्र, नावातल्या बदलाचं, हरवलेल्या गुणपत्रिकेचं, सामायिक विहिरीचं, जन्माची नोंद उशिरा करण्याचं. हे नमुने कुठल्या पुस्तकात नव्हते. इतक्या वर्षांत तिने ते स्वतः घडवले होते. कोणता बाबू कोणत्या शब्दावर अडून कागद परत पाठवतो हे तिला माहीत होतं आणि ज्या शब्दावर अडलं तो तिने बदललेला असे. एकदा एक म्हातारी आली. प्रतिज्ञापत्रात नवऱ्याचं नाव हवं होतं आणि ती काही केल्या नाव घेईना.

“माय, इथं लाजासारखं काई नाई. नाव सांगा.”

“चारचौघात कसं घेऊ व बाई त्याईचं नाव?”

ताई म्हणाली, “बरं, राहू द्या. तुमच्या लेकाचं पूर्ण नाव सांगा. मंधातलं मी घेतो काढून.”

म्हातारीने मुलाचं पूर्ण नाव घडाघडा सांगितलं. कागद तयार झाला की ताई तो मोठ्याने वाचून दाखवायची. वाचता न येणाऱ्याला दोनदा. दुकानाच्या मालकाला हा वेळेचा नास वाटायचा. “बाई, तू टायपिंगवाली हाय का कीर्तनवाली?” असं तो म्हणायचा, आणि ताई वाचन पूर्ण करूनच त्याच्याकडे पाहायची.

मला अमरावतीच्या कॉलेजात कॉम्प्युटर विषय घेऊन बी.एस्सी.ला प्रवेश मिळाला तेव्हा ताईने मला एक छोटा लॅपटॉप घेऊन दिला. शाळेच्या पाटीएवढा, काळा. विकत घेताना तिने तो चारी बाजूंनी फिरवून पाहिला आणि विचारलं, “याच्यात शीडी कुठी टाकाची?”

“ताई, याले शीडीची जागाच नाई,” दुकानदार म्हणाला. “कंपनी सगळं आतमंदीच भरून देते. फक्त एकडाव ते पेनड्राइव्हमंदी काढून ठेवजा. मशीन बसली तं तेवढ्यावरून वापस उठते.”

आम्ही दोघांनीही कळल्यासारखी मान हलवली.

अमरावतीत मला कठोरा नाक्याकडे गच्चीवरची टिनाची खोली मिळाली. घरमालक निवृत्त कंपाउंडर होते, सगळे त्यांना काकाजी म्हणत. त्यांची बायको वारली होती आणि मुलगी वरूडला दिली होती. कॉलेजात माझी कोणाशी भांडणं नव्हती आणि मैत्रीही नव्हती. मुलं आपसात भराभर इंग्रजी बोलत. मी ते समजून घेऊन मनात वाक्य जुळवेपर्यंत विषय पुढे गेलेला असे. रविवारी तर सकाळपासून एक शब्दही न बोलता दिवस जायचा. संध्याकाळी कोपऱ्यावर गिला वडा घ्यायला गेलो की ‘एक द्या’ म्हणताना माझाच आवाज मला घोगरा वाटायचा. बोलायला कोणी नाही हे दुःख मी ताईला कधी सांगितलं नाही. तिनेही त्या खिडकीच्या खोलीत आता एकटीने जेवताना काय वाटतं हे मला सांगितलं नाही.

लॅपटॉप सुरू केला की थोड्या वेळाने कोपऱ्यात एक चौकोन उघडायचा. इंग्रजीत लिहिलेलं असायचं की तुम्ही अजून रिकव्हरी मीडिया, म्हणजे दुकानदाराने सांगितलेली ती पेनड्राइव्हवरची प्रत, तयार केलेला नाही, आत्ता करायचा की नंतर आठवण करू? एवढा मोठा पेनड्राइव्ह माझ्याजवळ नव्हता. मी ‘नंतर’ दाबायचो. दोन वर्षं दाबलं. दिवसभरात मला आपणहून काही विचारणारं तेवढंच एक होतं, त्यामुळे त्या चौकोनाचा मला राग आला नाही.

इथे आमच्या गावच्या कॉम्प्युटर क्लासबद्दल सांगायला हवं. तिथे एका मशीनवर चार मुलं बसायची, त्यामुळे बराचसा कॉम्प्युटर आम्ही वहीत शिकलो. सर फळ्यावर पायऱ्या लिहायचे आणि आम्ही त्या पाढ्यासारख्या म्हणायचो: नेक्स्ट, नेक्स्ट, आय ॲग्री, नेक्स्ट, फिनिश. परीक्षेत याच क्रमाने लिहिलं की पूर्ण गुण. मध्ये काय लिहून येतं ते वाचायचं असतं, हे कोणी सांगितलं नाही. आता मी स्वतः एका कॉलेजात कॉम्प्युटर शिकवतो. पडद्यावर आलेलं प्रत्येक वाक्य मी मुलांना मोठ्याने वाचायला लावतो. मुलं कंटाळतात, मागच्या बाकावरून हसतात. हसू देतो.

शेवटच्या वर्षी ताईने दुकान सोडलं. तहसीलच्या फाटकाजवळ स्वतःचं टेबल लावून बसायचं तिने ठरवलं होतं. मी सुट्टीवरून परत निघालो तेव्हा अकोल्याच्या बस स्टँडवर ती मला सोडायला आली आणि पर्समधून रुमालात बांधलेला पेनड्राइव्ह काढून माझ्या हातात दिला.

“याच्यात माहे सगळे नमुने हाय. कॉम्प्युटर यायले पंधरा दिवस हाय अजून. तोवर तुह्या मशिनीत ठेव, अन् शुद्धलेखन तपास. ऱ्हस्व-दीर्घात मी गडबड करतो.”

“दुकानातल्या मशीनवर असतीलच ना?”

“नाई. मालक म्हने तुह्यं असन ते घेऊन जाय. मंग मी कॉपी नाई केलं, कटच केलं. आपलं एक अक्षर नाई ठेवलं तिथं.” हे सांगताना तिच्या चेहऱ्यावर जे समाधान होतं ते मी पूर्वी पाहिलं नव्हतं.

“ताई, कॉपी करायचं असतं.”

“तू हायस ना,” ती म्हणाली. गाडी सुटली.

खोलीवर आल्या आल्या मी सगळे नमुने लॅपटॉपवर घेतले. डेस्कटॉपवर ‘ताई’ नावाचं फोल्डर केलं, दोन-चार फायली उघडून खात्री केली. आजही मला वाटतं की इथपर्यंत मी नीट वागलो. त्याच दिवशी तो नेहमीचा चौकोन उघडला आणि लक्षात आलं की आज पहिल्यांदाच माझ्याजवळ पुरेसा मोठा पेनड्राइव्ह आहे. लॅपटॉप अधूनमधून अडायला लागला होता. ताईच्या वस्तू त्याच्यात आहेत तर त्याची तजवीज करून ठेवावी, असं मला मनापासून वाटलं. पेनड्राइव्हवरचं सगळं पुसलं जाईल असं पडद्यावर आलं, ते मी वाचलं. नमुने लॅपटॉपवर होतेच. तास-दीड तास निळी पट्टी सरकत राहिली, शेवटी तयार झाल्याचं आलं. मी पेनड्राइव्ह पुन्हा रुमालात बांधून ठेवला. मोठं काम केल्यासारखं वाटलं आणि त्या दिवशी कॉलेजात एकाशी मी आपणहून बोललोसुद्धा.

पुढच्या रविवारी दुपारी लॅपटॉप उठेना. काळा पडदा आणि वर एक पांढरी रेघ, बस. टिन तापलं होतं, खाली काकाजींचा कूलर घरघरत होता. मी घाबरलो नाही, कारण उपाय माझ्याजवळ तयार होता. पेनड्राइव्ह लावला. त्यावरून मशीन सुरू झाली, तिने इंग्रजीत चार वाक्यं दाखवली आणि माझं बोट चालायला लागलं. नेक्स्ट. नेक्स्ट. आय ॲग्री. नेक्स्ट. त्यातल्या एका वाक्यात लिहिलं होतं की ही मशीन कारखान्यातून निघाली तशी केली जाईल आणि तुमचं सगळं जाईल, आधी काढून ठेवा. हे मला नंतर कळलं, दुसऱ्या एका मशीनवर पाहून. त्या दुपारी माझ्या समजुतीप्रमाणे रिकव्हरी म्हणजे मशीन पुन्हा माझी होणार होती, माझ्या सगळ्या वस्तूंसकट. अडीच तासांनी ती सुरू झाली. पडदा लखलखीत, चालही एकदम चपळ. मी खुश होऊन चहा ठेवला. कप घेऊन समोर बसलो तर ती मला माझं नाव विचारत होती, पहिल्या दिवशी दुकानात विचारलं होतं तसं.

डेस्कटॉपवर काहीच नव्हतं. ‘ताई’ नावाचं फोल्डर मी सगळीकडे शोधलं. जिथे असण्याची शक्यता नव्हती तिथेही शोधलं. मग पेनड्राइव्ह उघडून पाहिला. त्यात कंपनीचं सगळं जागच्या जागी होतं. चहा तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी राजापेठेतल्या एका दुरुस्तीवाल्याकडे गेलो. त्याने कुठलंसं सॉफ्टवेअर लावलं, अर्धा दिवस चालवलं आणि मला बोलावून पडदा दाखवला. ओळीने नावं होती. वारस नमुना. विहीर सामायिक. गुणपत्रिका गहाळ.

“भेटले?” मी विचारलं.

“नावं भेटली,” तो म्हणाला. “अंदरचं नाई भेटलं. त्याच्यावर दुसरं लिहिल्या गेलं ना भाऊ. कोनतं शिक्षण घेऊन राहिले तुमी?”

मी पैसे देऊन लॅपटॉप पिशवीत टाकला.

ताईचा फोन एक दिवसाआड यायचा. इकडचं तिकडचं बोलून झालं की ती नमुन्यांवर यायची.

“तपासून झालं काय रे सुधीर?”

“राहिलं थोडंसं.”

“होऊ दे आरामानं. कॉम्प्युटर आला बरं. जुनाच हाय, पन चालते. टेबलाचा एक पाय आखूड निघाला, वीट लावली. येत्याच्या पुढच्या सोमवारी बसतो. कचेरीतले बाबू म्हने, बाई तुमी बसा, आमी मानसं पाठवतो.”

“चांगलं झालं.”

“शुद्धलेखन लय बेकार हाय काय माह्यं?”

“नाही, चांगलं आहे,” मी म्हणालो.

असं तीन वेळा झालं. तिसऱ्या फोननंतर मी स्टोव्ह पेटवला नाही. दुसऱ्याही दिवशी पेटवला नाही. सकाळी काकाजी जिना चढून वर आले. त्यांच्या हातात कागदांनी फुगलेली प्लास्टिकची पिशवी होती.

“काय रे इंजिनेर, दोन दिसापासून तुह्या स्टोचा आवाज नाई.”

“काकाजी, मी इंजिनियर नाही. बी.एस्सी. करतो.”

“मशिनीवर बसतं ना दिवसभर? मंग इंजिनेरच. हे बँकेचं फारम भरून दे. मी जिता हाय असं त्याईले लिहून पायजे.”

पिशवीत चाळीस वर्षांचे कागद होते. नेमणुकीचा, बदलीचा, रक्तदाबाच्या गोळ्यांच्या चिठ्ठ्या, बायको वारल्यानंतरचं वारसाचं प्रतिज्ञापत्र. घड्या पडून मऊ झालेले, काही लॅमिनेट केलेले.

“एवढं सगळं कशाला ठेवलं?”

“ठेवा लागते बावा. हे कचेरीवाले केव्हा कोनता कागद मागतीन काई भरोसा हाय काय? लोक डागिने नाई सांभाळत तेवढे कागद सांभाळतेत.”

मी ते प्रतिज्ञापत्र वाचलं. ताईचं नव्हतं, कोणा अमरावतीच्या माणसाने केलेलं होतं. पण ते वाचत असताना मला बार्शीटाकळीची घरं दिसायला लागली. अकरा वर्षांत आमच्या गावच्या कोणाचंही कचेरीचं काम निघालं तरी कागद अकोल्याला ताईकडूनच करून घ्यायचा आणि त्याची प्रत घरी ठेवायची, अशी रीत पडली होती. काकाजींचा फॉर्म भरून दिला आणि दुपारच्या गाडीने निघालो. अकोल्याला गाडी बदलताना ताईचा रस्ता शंभर पावलांवर होता. मी गेलो नाही.

आईने मला दारात पाहिलं आणि म्हणाली, “कालेज सोडून काहून आला?” मी तिला सगळं सांगितलं. कांदा चिरता चिरता तिने ऐकून घेतलं.

“निर्मलाले सांगतलं काय?”

“नाही.”

“मंग मले काहून सांगतं?”

जेवण झाल्यावर ती पदर खोचून उठली. “चाल. तू एकटा गेला तं कोनी कागद काढनार नाई. मी सोबत असली तं काढतीन.”

दोन दिवस आम्ही घरोघर फिरलो. कागद पेटीतून निघाले, बिस्किटांच्या डब्यातून निघाले, तसबिरीच्या मागून निघाले. ओट्यावर बसून मांडीवर तो पाटीएवढा लॅपटॉप ठेवून मी जागच्या जागी टाईप करायचो. बॅटरी संपली की ज्याच्या घरी वीज असेल त्याच्याकडे. लोकांना वाटलं मी कॉलेजचा काही अभ्यास करतोय. एका आजोबांनी फेरफाराचा अर्ज समोर धरला आणि म्हणाले, “निर्मलानं केला हाय. पाय, साहेबानं एका शब्दाले बोट नाई लावलं.” मी वाचत गेलो आणि मला जाणवलं की ताई इतकी वर्षं काय काम करते हे मी आज पहिल्यांदाच वाचतोय. दोन वर्षं तिच्या खोलीत राहून, तिच्या हातची भाकरी खाऊन मी तिचा एकही कागद पूर्ण वाचला नव्हता. तपासायला दिलेलेही मी उघडून फक्त चालतात की नाही एवढंच पाहिलं होतं.

अमरावतीला परतल्यावर दुसऱ्याच दिवशी मी पत्र लिहिलं. आधी प्रयोगवहीच्या मागच्या पानांवर कच्चं, मग चांगल्या कागदावर. चांगलं ताईला गेलं. कच्चं माझ्याजवळ राहिलं, ते इथे उतरवतो.

ताईस सप्रेम जयभीम,

फोनवर सांगता येईना म्हणून लिहितो. तुझे सगळे नमुने माझ्या हातून पुसले गेले. आधी पेनड्राइव्हमधले, नंतर माझ्या मशीनमधले. दुरुस्तीवाल्याला दाखवले, परत येत नाहीत. तपासणं सुरू आहे असं मी तुला तीनदा सांगितलं ते खोटं होतं. तेव्हा तपासायला माझ्याजवळ काही नव्हतं.

यात मशीनचा दोष नाही. पुसू का म्हणून तिने विचारलं होतं. मी न वाचता हो म्हटलं. कॉम्प्युटर शिकणाऱ्याने असं करावं याची मला फार लाज वाटते आणि ही लाज फक्त तुलाच सांगतो आहे.

मी मध्ये दोन-तीन दिवस गावी होतो. तुझ्याकडे न येता परस्पर गेलो, तेही माफ कर. आई सोबत फिरली. लोकांनी तू केलेले कागद जपून ठेवले आहेत. त्यांवरून जेवढे नमुने पुन्हा टाईप झाले तेवढे छापून या पत्रासोबत पाठवतो आहे. निम्म्याच्या थोडे वर झाले. सामायिक विहिरीचा कोणाकडे मिळाला नाही. हरवलेल्या गुणपत्रिकेचा मी आठवून लिहून पाहिला, पण तुझ्यासारखं वाक्य बसेना, म्हणून तिथे कोरी जागा सोडली आहे. शुद्धलेखन आता खरंच तपासलं. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका थोड्या आहेत, बाकी कुठे हात लावावा असं काही नाही.

नाल्याकडच्या शेवंताबाईंचा कागद वाळवीने खाल्ला होता. पण तू त्यांना तो दोनदा वाचून दाखवला होतास, तो त्यांना पाठ होता. त्यांनी डोळे मिटून पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत सांगितला आणि मी टाईप केला. तो नमुना सगळ्यांत वर ठेवला आहे. एखादा शब्द त्यांचा शिरला असेल, तुला कळेल.

मी रविवारी सकाळच्या गाडीने येतो. राहिलेले नमुने तू सांग, मी लिहीन. सोमवारी टेबलावर कोणाचं काम अडलं तरी मी बाजूला उभा राहीन. कॉलेजात तसं सांगितलं आहे.

तू फोन केलास की पहिल्यांदा जेवला का असं विचारतेस. या वेळी ते विचारू नको. आधी मला जे बोलायचं ते बोल.

तुझा,
सुधीर